ठिपका घराकडं वळला

ठिपका विट्यात थांबला होता. लीलाबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. दीड वाजत आला होता आणि गाडी नेहमीसारखी बाजाराबाहेरच्या मैदानात, भर उन्हात.

त्यांनी फोनवरचं पंख्याचं चित्र दाबलं. त्या रहिमतपुरात, गाडी विट्यात. तरी एसी सुरू झाला.

जयराजला लहानपणी ऊन लागलं की घोळणा फुटायचा. त्या ओलं फडकं कपाळावर धरून बसायच्या. आता हातात एवढंच उरलं होतं.

"आई, पुन्हा?" सून संयोगिता स्वयंपाकघरातून म्हणाली. "त्यांना कळलं तर रागावतील. द्या तो फोन, ते गाडीचं ॲप काढूनच टाकते."

"तेवढं नगं करू. गाडी कुठं हाय, एवढंच तर दिसतंय."

"सहा महिनं तेच बघताय."

"अन् परवा मी अंघोळीला गेल्यावर कोण बघत हुतं गं?"

संयोगिता मान खाली घालून वांग्यांत मसाला भरत राहिली. अमावस्या होती. सगळा स्वयंपाक जयराजच्या आवडीचा.

ताट वाढून झालं, तेव्हा ठिपका हलला. पुसेसावळी आली. या रस्त्याला गाडी सहा महिन्यांत एकदाही आली नव्हती.

"अगं, घराकडं येतीय!"

संयोगिता ओले हात पदराला पुसत धावली. दोघी एकाच फोनवर वाकल्या. ठिपका वेशीत आला, गल्लीत शिरला. दारात तीच निळी गाडी थांबली. दार लागल्याचा तोच आवाज.

उतरला तो अनोळखी माणूस.

"मी बाळासो, इट्याचा. ही गाडी मी एजंटाकडनं घेतल्याला सहा महिनं झालं. रोज दुपारी एसी आपोआप लागतोय. मला वाटलं, चोर लागलं मागं. मेकॅनिक म्हणला, जुन्या मालकाचा फोन अजून जोडल्याला हाय. म्हणून कागदावरचा पत्ता बघून आलो. आवं, इकताना गणपती काढला, लिंबू-मिरची काढली, अन् फोन तेवढा राहिला व्हय? भलत्याच्या हाती पडला असता तर दारं उघडून गाडीच न्हेली असती. मालकांना बोलवा. त्यांच्याच हातानं काढू द्या."

लीलाबाईंनी फोन पुढं केला. "तूच काढ."

त्यानं दोन-चार ठिकाणी बोट दाबलं. ठिपका विझला.

"बस, बाळा. उन्हातनं आलायस," असं म्हणत लीलाबाईंनी जयराजच्या हार घातलेल्या फोटोपुढचं ताट उचललं आणि त्याच्यापुढं ठेवलं.