दुमडलेला कोपरा

बाई आत आल्या तसे साहेब खुर्चीतून उठले. चाचणी कार्यालयात साहेब सहसा कुणासाठी उठत नाहीत, त्यामुळे पलीकडच्या टेबलावरच्या कारकुनाने मान वर केली. तिसरीत याच बाईंनी आपल्याला शिकवलं, असं साहेबांनी त्याला कौतुकाने सांगितलं.

बाईंनी पर्स मांडीवर घेतली. या वर्षी निवृत्त होणार होत्या. त्याआधी एक काम होतं.

काम काय ते साहेबांना ठाऊक होतं. बाईंच्या वर्गात एक मुलगी होती. दाणे टिपावेत तसं एकेक अक्षर वाचायची, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. वार्षिक चाचणीत चिमणीला दहापैकी तीन गुण पडले होते. चारच्या खालची मुलं सोमवारपासून वेगळ्या वर्गात, दुसऱ्या इमारतीत जाणार होती. चाचणीला न आलेली मुलं आहेत तिथेच राहत, पण यंदापासून हजेरीला फोटो काढतात, त्यामुळे यंदा कुणाचीच चाचणी चुकली नव्हती. त्या दुसऱ्या इमारतीतून परत आलेलं मूल बाईंनी छत्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. यादी टेबलावरच पडली होती. साहेबांची सही तेवढी राहिली होती.

"ती शिकते रे," बाई म्हणाल्या. "आपल्या चालीने शिकते. तिला हलवू नकोस."

"मी कोण हलवणारा, बाई? आकडे सांगतात."

आकड्यांचं नाव निघालं आणि बाईंचं डोकं तापलं. रोज बेचाळीस रकाने भरावे लागतात. किती मुलांनी हात धुतले, कोणी मिनिटाला किती शब्द वाचले, कितींनी जांभया दिल्या. परवा एक पोरगं पहिल्यांदाच अख्खी गोष्ट वाचून खुदकन हसलं, तर हसण्याला रकानाच नाही. सगळं भरून वेळ उरलाच तर शिकवायचं. हे त्या एका दमात बोलल्या आणि मग पाणी प्यायल्या.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. बाईंच्या ग्लासात त्यांनी स्वतः पुन्हा पाणी ओतलं. फक्त लोक देवावर ठेवतात तेवढा विश्वास त्यांनी आकड्यांवर ठेवला होता. भिंतीवरचे तक्ते त्यांनी बाईंना दाखवले. तिसरीच्या चाचणीत तीस-पस्तीस वर्षं तेच दहा प्रश्न आहेत, म्हणून तर इतक्या वर्षांची तुलना करता येते. स्वतःचीसुद्धा सगळी गुणपत्रकं त्यांनी फाइलला लावली होती. पाचवीपासून पहिला नंबर सोडला नव्हता. तिसरीची चाचणी तेवढी बुडाली होती, ताप-बिप आला असावा. "नाहीतर तुमच्या वर्गातही पहिलाच आलो असतो," असं म्हणून ते हसले. बाईही हसल्या.

मग बाईंनी पर्समधून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स काढली. नियमाप्रमाणे नावाचा कोपरा आत दुमडून वर टाचणी मारलेली होती. तपासणाऱ्याला नाव दिसू नये, म्हणून ही पद्धत.

"यंत्राने दिलेले गुण राहू देत. तू तपास. समोर एक लेकरू बसलंय असं समजून तपास."

साहेबांनी लाल पेन उघडलं. बाईंचा एवढा शब्द तर ठेवायलाच हवा होता.

चार खुर्च्या आहेत, माणसं पाच. किती जण उभे राहतील? खाली वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कोणी नाही. मला आई मांडीवर घेईल.' साहेबांच्या ओठांवर हसू आलं, पण हाताने फुली मारली.

सूर्य कोणत्या दिशेला मावळतो? 'टाकीच्या मागे.'

साहेब जरा थांबले. "शाळेसमोरची पाण्याची टाकी का?"

बाईंनी मान हलवली आणि पुढच्या प्रश्नावर बोट ठेवलं. शाळा शंभर पावलांवर आहे. पन्नास पावलं चालून झाली. किती उरली? 'बाई दारात दिसल्या की पळायचं. मोजायचं नाही.'

"गोड आहे," साहेब म्हणाले आणि तिसरी फुली मारली. उरलेलं त्यांनी झरझर तपासलं आणि बेरीज दोनदा केली.

"बाई, तीनच होतात. मला खरंच वाईट वाटतंय. पण हे मूल वेगळ्या वर्गातच जायला हवं. त्याच्याच भल्यासाठी."

"नक्की?"

"नक्की. पुढे याला फारसं झेपेल असं दिसत नाही."

"तसं लिहून दे."

साहेबांनी उत्तरपत्रिकेच्या तळाशी तसं लिहिलं आणि खाली झोकदार सही केली. बाईंनी ती वाचली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण रागावल्यासारख्या त्या दिसत नव्हत्या. उठताना त्यांनी साहेबांच्या शर्टाची दुमडलेली कॉलर सरळ केली, प्रार्थनेच्या रांगेत एकेका पोराची करायच्या तशी. कारकुनाने नजर खाली घातली.

"हा कागद तुझ्याकडेच ठेव. मूळ मी घरी जपून ठेवलाय. यादीवर सही करशील त्याच्या आधी एवढी टाचणी काढ."

बाई गेल्या. साहेबांनी यादी पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं, मग बाईंचा शब्द म्हणून आधी टाचणी काढून कोपरा उलगडला. त्याच वेड्यावाकड्या अक्षरांत तिथे त्यांचं स्वतःचं नाव होतं, आणि शेजारी बाईंच्या हातचा एकच शब्द: गैरहजर.