व्यंकटीचा ऋषी

"खाली उतरा बाई. इंजिनाला पाणी मिळाल्याबिगर गाडी हलत न्हाई," असं सांगून कंडक्टर रिकामी बादली घेऊन माळावर निघून गेला.

लातूर अजून दहा कोस होतं. महानंदाने ट्रंक बाकाखाली ढकलली आणि सासूला, गुरम्माला, उजवा हात दिला. डावा हात बाहत्तर सालापासून कोपरात सरळ होत नसे. खडीच्या ढिगावरून पडले, असं ती सांगे. गुरम्मा अजूनही त्याला तेल चोळून देई.

तिची लेक सिंधु कधीच उतरून पुढे पळाली होती. नवा जिल्हा झाल्यावर लातुरात मुलींचं वसतिगृह निघालं होतं आणि तिला तिथे अकरावीला ठेवायचं होतं. पोरीचे पाय जमिनीवर नव्हते.

"आई, हे बघ काय हाय!"

रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडवर डांबराने लिहिलं होतं, 'दगडांची जत्रा. आत या.' दारात व्यंकटी उभा होता. देगलूरकडचा हा माणूस विहिरी खोदायचा. यंदा कुठेच पाणी लागेना, तेव्हा पठ्ठ्याने खाली लागलेले दगडच आणून मांडले होते.

"या अम्मा. दगड झालेलं झाड हाय, हत्तीचा दात हाय, गारगोट्या तर लई हायत. अन् आत ऋषी बसलेला हाय, हजार वर्सांचा. औंदा बोरफळीच्या पाझर तलावावर काम करत होतो, तवा गावला."

महानंदा दारातच थबकली. बोरफळी म्हणजे त्यांचंच गाव.

बाहत्तरच्या दुष्काळात तिचा नवरा गुरुलिंग बोरफळीच्या नाल्यावर, जिथे आता पाझर तलाव होत होता तिथेच, दुष्काळी कामाला होता. एके दिवशी तिथून गेला तो गावाला पुन्हा दिसला नाही. त्याला चौदा वर्षं झाली. कुणी चौकशी केली की महानंदाने तोंड उघडायच्या आत सासूच बोले, "हैद्राबादला हाय माझा लेक. येईल." पोलीसपाटलालाही तिने हेच सांगितलं होतं. दर सोमवारी म्हातारी विळा घेऊन नाल्याकडे गवताला जाई. यंदा गवताची काडी उरली नव्हती, तरी जाई. लेकाची वाट बघते बिचारी, असं गाव म्हणे.

आणि आत लेकाचीच हाडं असली तर? म्हातारीने ती ओळखली तर? तेही सिंधुच्या देखत! महानंदाने सासूचा हात धरला.

"आत्याबाई, लई ऊन हाय. गाडीतच बसू."

"दगडाला काय भ्यायचं?" म्हणत गुरम्मा आत शिरली.

आत अंधार होता. सिंधु एका दगडातली गोगलगाय बोटाने चाचपून बघत होती. महानंदाला कशातच लक्ष लागेना. तिची नजर मागच्या गोणपाटाच्या पडद्यावर खिळली होती. इथूनच पोरीला ओढून पळत सुटावं असं तिला वाटलं. पण म्हातारी पुढे चालली होती आणि तिला एकटं सोडायची छाती होईना.

व्यंकटीने पडदा बाजूला केला. "जसा गावला तसाच आणला, मुरमासकट."

महानंदाने डोळे मिटले. मग हळूच उघडले.

सांगाडा बसलेला होता. मांडी घातलेली, पाठ मुरमाला टेकलेली, डावा तळहात मांडीवर उताणा. कुणी त्याला कण्हेरीची फुलं वाहिली होती.

महानंदाने श्वास सोडला. त्यांच्या समाजात मेलेल्याला असंच बसवून पुरतात. म्हणजे याला त्याच्या माणसांनी रीतसर माती दिली होती. याच्यासाठी कुणीतरी रडलं होतं. गुरुलिंगला कोण बसवणार होतं? हा तो नव्हेच. कुणी जुना, परका, भला माणूस असेल. 

"याच्या तळहातावर हे होतं," व्यंकटीने डबीतून एक काळा गोळा काढला. "दगड झालेलं अंडं असंल."

"अंडं कसलं काका!" सिंधु म्हणाली. "लिंग हाय हे. आमच्या गळ्यात असतंय तसलं. आमच्यात माणूस गेलं की डाव्या हातात ठेवतात."

व्यंकटीचा चेहरा उतरला. त्याने डोक्याचा टॉवेल काढला आणि गोळा परत त्या तळहातावर ठेवला. "चुकी झाली अम्मा. मला ठावं न्हवतं. तुमच्या वळखीचा हाय का कोन?"

 गुरम्माने वाकून सांगाडा नीट बघितला.

"न्हाई," ती म्हणाली. "कुणाचं तरी लेकरू हाय. आज दिस मावळायच्या आत परत माती दे त्याला."

"देतो अम्मा."

तिने कमरेच्या पिशवीतून भस्म काढलं आणि तीन बोटांनी त्या कवटीच्या कपाळावर ओढलं. 

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. सिंधु धावत सुटली. महानंदा सासूला धरून उन्हात आली. छातीवरची धोंड उतरली होती. पोर शिकायला जाईल, म्हातारी आशेवर जगेल, सगळं होतं तसंच राहील. तिला बोलल्यावाचून राहवेना.

"बरं झालं आत्याबाई, आपलं माणूस न्हवतं. आपले येतील एक दिवस हैद्राबादहून."

गुरम्मा एसटीच्या पायरीशी थांबली. सिंधु आत खिडकीशी बसल्याचं तिने बघून घेतलं. मग महानंदाचा वाकडा डावा हात हातात घेतला आणि तेल चोळताना फिरवायची तसा कोपरावरून अंगठा फिरवला.

"त्याला तू नाल्यात आडवाच टाकून आली होतीस गं," ती हळूच म्हणाली. "मी बसवला."