केशरचा फोटो

विद्यापीठाच्या ग्रंथालयात दुर्मिळ पुस्तकं चाळताना रक्षिताला ब्रिटिश काळातला एक फोटो दिसला. खाली इंग्रजीत छापलं होतं, 'जंगली बाई, बाजारकुणंग.' बाजारकुणंग म्हणजे तिचंच गाव. पुढं नाकाची नि कवटीची मापं होती, नाव मात्र नव्हतं. तिला त्या मापांची किळस आली.

तिनं तो फोटो गावाकडं पाठवला. आजीचा लगेच फोन आला, "ही माझी आय न्हवं का, केशर!"

दुसऱ्या दिवशी रक्षिता ग्रंथपालांना म्हणाली, "सर, ग्रंथालयाच्या जुन्या फोटोंच्या प्रदर्शनात हा फोटो लावणार असाल तर खाली नाव घाला. ही माझी पणजी आहे."

ग्रंथपाल हरखून खुर्चीतून उठले.


"मग उद्घाटनाला आजीलाच घेऊन ये. फोटोतल्यासारखंच लुगडं नेसवून फोटोशेजारी उभं करू, पाहुण्यांना अस्सल नमुना बघायला मिळेल."