न्हाणीचं दार

"लांबी पाच फूट, रुंदी चारला बोटभर कमी," भिवाजी मिस्त्री फीत गुंडाळत म्हणाला. "याच्यात कमोड, बेसिन, दांड्या समदं पाह्यजे म्हनता. मंग मानूस कुठं उभं राहीन?"

धनराज हसला नाही. तो न्हाणीच्या उंबऱ्यात उभा राहून ओल्या फरशीकडे पाहत होता. त्याची आई गोमतीबाई इथंच घसरल्या आणि त्यांचा डावा हात मोडला, हे कामरगावातल्या त्या गल्लीत पोराटोरांनाही ठाऊक होतं. धनराजनंच त्यांना जीपमध्ये घालून वाशीमला नेलं. प्लास्टर होईपर्यंत तो दवाखान्याच्या बाकावर बसून ढसाढसा रडला, असं जीपवाला सांगत सुटला होता.

असा मुलगा मिळायला नशीब लागतं, असं शेजारची चतुराबाई उठता-बसता म्हणायची. दारू सोडाच, सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही. मंगरूळपीरला बियाण्याच्या दुकानात नोकरी, सुटली की थेट घर. सुनेचं नाव निघालं की मात्र चतुराबाईचं तोंड वाकडं व्हायचं. निता कुणाशी बोलायची नाही, मान वर करायची नाही. न्हाणीत साबणाचं पाणी कुणी सांडून ठेवलं असेल, हे चतुराबाईनं कुणालाच न सांगता सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं.

हात मोडला त्या दिवसापासून गोमतीबाईंच्या मनात भीती बसली. ताटली पडली तरी त्या दचकायच्या. रात्री झोप नाही आणि दिवसा चैन नाही.

"कमोड, नवी फरशी अन् भिंतीले दांड्या," धनराज म्हणाला. "बेसिन गेलं उडत. माय परत पडली नाई पाह्यजे."

"मंग दार हेच राहीन, टीनाचं. पैशात तेवढंच बसते."

पैसे गोमतीबाईंचे होते, बचत गटात साठवलेले. त्या खाटेवरून म्हणाल्या, "कमोड राहू द्या. दार करा. लोखंडी, आतून कडीचं."

"मावशी, घसरल्या तुमी फरशीवर अन् बदलता दार?" भिवाजीला राहवलं नाही. "आजार म्हशीले अन् इंजेक्शन पखालीले."

धनराज आईच्या पायाशी बसला. त्यानं पायावर हात ठेवताच गोमतीबाईंनी पाय आखडून घेतले. अजून अंग दुखत असावं.

"माय, आतून कडी कायले?" तो हळू आवाजात म्हणाला. "तू आत पडली अन् कडी लागेल असली, तं मी काय करू? माह्या जिवाले घोर लागते."

भिवाजीला पटलं. शेवटी मधला मार्ग निघाला. कमोडऐवजी संडासाच्या जुन्या भांड्यावर ठेवायची खुर्ची, खरबरीत स्वस्त फरशी, एकच दांडी आणि साधं लोखंडी दार. कडी मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी धनराज कामावर गेला आणि गोमतीबाई खाट सोडून भिवाजीच्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"दार आत उघडन का बाहेर?"

"बाहेर. आत जागा कुठं हाय?"

"बाहेरून कोनी धक्का देला तं?"

"चौकटीले टेकन अन् थांबन. लाथा मारल्या तरी आत येत नाई."

गोमतीबाईंनी मान हलवली. मग झरोका चतुराबाईच्या अंगणाकडं करायला सांगितला. हाक मारली तर ऐकू गेली पाहिजे, म्हणाल्या. खुर्ची भिंतीला सरकवून आत दोघी मावतात का, हेही त्यांनी बघायला लावलं. प्लास्टरच्या हातानं एकटीनं आंघोळ कशी होणार, हे भिवाजीला समजत होतं. पण पुढचं ऐकून त्याचे हात थांबले.

"कडी बसव. एक वर, एक खाली. धनराजले सांगू नको."

"मावशी, उद्या काई झालं तं लोक माह्या नावानं बोंबलतीन."

गोमतीबाईंनी धड हातानं त्याची बाही धरली. भिवाजीनं स्वयंपाकघराकडं पाहिलं आणि आवाज उतरवला.

"सुनेचा धाक हाय काय?"

म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी घळघळलं. भिवाजीला स्वतःची माय आठवली. पोराला कळत नसेल, पण आपल्याला कळलं ना, असं म्हणत त्यानं दुकानातून चांगल्या जाड कड्या आणल्या आणि ठोकून बसवल्या.

निता चहा घेऊन आली तेव्हा तिची नजर कड्यांवर गेली. कप बशीत वाजू लागला, चहा सांडला. चोराच्या मनात चांदणं, भिवाजी मनात म्हणाला. काम संपवून जाताना म्हाताऱ्या जिवाला आसरा करून दिल्याचं त्याला समाधान वाटलं.

संध्याकाळी धनराजची गाडी अंगणात थांबली. गोमतीबाईंनी खाटेवरून पाय खाली सोडले. धनराज सरळ चुलीपाशी गेला.

"आज मिस्त्रीसंग काय बोलून राह्यली होती?" त्यानं निताला विचारलं. आवाज रोजच्यासारखाच हळू होता.

पातेलं खाली पडलं. गोमतीबाई उठल्या. धड हातानं त्यांनी निताचं मनगट धरलं, तिला ओढत न्हाणीत नेलं आणि दार लावून घेतलं. निता वरची कडी लावत होती, गोमतीबाई खालची.

बाहेरून दारावर धक्का बसला. दार चौकटीला टेकलं आणि थांबलं. मग धनराजनं फटीशी तोंड आणलं.

"माय, निताले बाहेर पाठव फक्त. तू मधात नको येऊ. मांगच्या वक्ती मधात आली म्हून तुहा हात मोडला."