पेढ्यांचा खोका

शिफारसपत्र विद्यार्थ्यानंच लिहून आणायचं, सरांनी फक्त सही ठोकायची, अशी कॉलेजची रीत. अमेरिकेत कीटकशास्त्राच्या एमएससाठी अर्ज करणाऱ्या, गेल्या वर्षी पदवी घेतलेल्या निशिगंधानंही तसंच केलं. पण गावंडे सरांचं लाल पेन! कळंबच्या चिंतामणी गणपतीनं पेपर सोडवला तरी दहापैकी आठच मिळतील. पहिली ओळ वाचून त्यांनी कागदच फाडला. “‘मेहनती विद्यार्थिनी’? हे तं कोनाच्याबी पत्रात असते.” सरांनी कपाटातून पेढ्यांचा खोका काढला. आत, दुसऱ्या वर्षी तिनं राळेगावच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, पकडलेले किडे टाचण्यांवर तसेच होते. झाकणावर लाल सात. “तीन वर्षं झाले, पोरायले हेच दाखवून शिकवून राह्यलो. पत्र मीच लिहितो.” “मग सर, सातच मार्क कायले देलते?” तिनं धीर करून विचारलं. सरांनी लाल पेनानं सात खोडला. “माही चूक झालती. पत्रात पयलं तेच लिहीन.”