निळ्याखालची चंद्रकोर

खट्! चुलीवरच्या भांड्याचं झाकण उडालं आणि थॉमसिन दचकली. बाकी कुणीच हललं नाही.

घराण्यांच्या ढालींवरची चिन्हं तपासायला लंडनहून आलेले वेव्हर्टन साहेब भिंतीवरच्या ढालीला नाक लावून उभे होते. निळ्या जमिनीवर तीन रुपेरी बगळे. साहेब येणार म्हणून थॉमसिनने सकाळी शिळ्या पावाच्या तुकड्याने ती घासली होती, जरा जास्तच. वर मधोमध निळ्याचा पोपडा निघाला होता आणि खालून चंद्रकोर डोकावत होती.

"ही दुसऱ्या मुलाची खूण," साहेब म्हणाले. "बापामागे बिनखुणेची ढाल थोरल्याची. घरही त्याचंच. अँब्रोज, तुम्ही तर थोरले म्हणवता!"

थॉमसिनने नवऱ्याकडे पाहिलं. 'मी एकुलता एक' हे तिने सात वर्षांत किती वेळा ऐकलं होतं.

"थोरला वारला, साहेब. बिनलग्नाचा. म्हणून कोर बुजवली. रीतच आहे ना?"

"आहे की." साहेबांनी जुन्या वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "थोरल्याची नोंद इथे आहे. पुरला कुठे?"

"समुद्रात. जहाजावर ताप आला."

"वा! म्हणजे थडगं शोधायलाच नको." साहेब थॉमसिनकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा. दीर वारल्याचं तुम्हाला ठाऊक आहे? नसेल तर ढाल उतरवतो आणि बाजारात ओरडून सांगायला लावतो, ही माणसं खोटी म्हणून. घराचं मग कोर्ट बघेल."

अँब्रोजच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पत्त्यांत लबाडी करताना व्हायच्या तशा. टेबलाखाली पाच वर्षांची सिबिल बाहुलीला झोपवत होती.

"ठाऊक आहे," थॉमसिन म्हणाली. तेवढं पुरलं असतं, पण तिच्या तोंडून पुढेही निघालं. "महिनाभर काळे कपडे घातले होते मी."

लेखणी कुरकुरली. साहेबांनी वही मिटली, टोपी चढवली. त्यांचा घोडा सोडायला अँब्रोज लगबगीने बाहेर गेला. जाताना त्याने बायकोकडे पाहिलं नाही.

सिबिल टेबलाखालून रांगत आली आणि आईच्या झग्याला बिलगली.

"आई, काका मेले?"

"हो गं, सोन्या."

"त्यांचं नाव काय होतं?"