सुबक कडांची स्लाइड

यंत्राने बनवलेल्या रक्ताची स्लाइड ओळखणं सोपं होतं. तिच्या कडेला रंग जराही ओघळलेला नसे. परीक्षक यंत्र असल्या स्लाइड खोट्या नावांनी रोजच्या कामात गुपचूप मिसळायचं. एक जरी चुकली, तरी तंत्रज्ञाचा परवाना रद्द. म्हणून प्रयोगशाळेत सगळे तेवढ्याच स्लाइड जीव ओतून तपासत आणि खऱ्या रोग्यांवर नुसती नजर टाकून ‘ठीक’ म्हणत.

तिथेच तंत्रज्ञ असलेल्या हेमांगीच्या वडिलांनाही दोनदा ‘ठीक’ म्हटलं होतं. ते मात्र वाळत चालले होते. नात्यातलं रक्त स्वतः तपासायला बंदी होती. आज तिने त्यांची स्लाइड कडा पुसून सुबक केली आणि खोटं नाव घालून वरिष्ठ तंत्रज्ञ टिपणीसांच्या ट्रेमध्ये सरकवली.

“आली बघा परीक्षा!” टिपणीसांनी चहा बाजूला ठेवला. सगळे सूक्ष्मदर्शकाभोवती जमले.

“ही पेशी पाहा. रक्ताचा कर्करोग, पण अजून आवरता येण्यासारखा. लबाड यंत्र! मला फसवतंय होय?”

“मानलं, साहेब!” बाकीचे म्हणाले.

“हा माणूस खरा असता ना हेमांगीताई, तर वाचला असता.”

“खरा असता, तर तुम्ही त्याच्याकडे पाहिलंच नसतं,” हेमांगी म्हणाली. तिने स्लाइड उचलली, खोटं नाव खरवडून काढलं आणि त्यांच्यादेखत वडिलांचं नाव लिहिलं.